पांढरा लॉट

दुपारी दीडच्या सुमारास तो सोलापुरावरून जातो.
कुणी वर बघत नाही. मीही नाही.
मी बघते तीन तासांनी, पडद्यावर,
त्यानं काय बघितलं ते.

आज अरबी समुद्रावर मळकट पट्टा,
ओमानकडून निघालेला,
काल कच्छवर, रात्री नाशिकवर,
पहाटे उजनीच्या पाण्यावर.
ढग नव्हे. ढगाला कडा असते.
हा कुठं संपतो ते
दर वेळी मलाच ठरवावं लागतं.

नान्नजच्या माळावर एक लाल ठिपका.
फोन लावला. वनरक्षक क्षीरसागर म्हणाले,
"जाळ नाही मॅडम, पत्र्याची शेड आहे,
कोंबड्यांची. तापलीय नुसती."
आणि मागच्या शनिवारी
चाळीस एकर गवत खरंच जळालं
तेव्हा ठिपकाच नव्हता.
आग लागली चारला, विझली सातला,
दोन फेऱ्यांच्या मधे.
दुसऱ्या दिवशी नुसता काळा डाग,
सांडलेल्या चहाएवढा.

संध्याकाळी अशोक चौकामागं गेले,
अंबय्या चिप्पांच्या डाईंगला.
गच्चीभर दोऱ्या, दोऱ्यांवर टॉवेल,
पांढरा लॉट, बाराशे नग, एक्स्पोर्टचा.
त्यांनी एक खाली ओढला, दोन बोटांत चोळला.
"दुम्मु," म्हणाले. मग माझ्यासाठी, "धूळ.
आपली नाही की ओ ही.
आपली काळी, दाताखाली करकरते.
ही बघा, पिठावानी. लांबची हाय."
ओमानचं मी अजून बोललेही नव्हते.

माझ्या पडद्यावर एक चौकोन म्हणजे एक किलोमीटर.
त्यात हा चौक, हे डाईंग, बाराशे टॉवेल,
जिन्यात बसून विड्या वळणारी त्यांची सून,
तिचा खोकला,
सगळ्यांना मिळून एकच रंग.

त्यांनी वही काढली.
सतरा वर्षांत बिघडलेल्या प्रत्येक लॉटचा
बोटभर तुकडा, टाचणीनं लावलेला, खाली तारीख.
गंजलेल्या टाचणीचा डाग वेगळा, धुळीचा वेगळा,
आणि डिसेंबरातल्या तुकड्यांवर
पाचटाची काजळी, केसासारखी बारीक.
मी फोनवर जुनी चित्रं उघडत गेले.
तारखा जुळत होत्या.
एक नाही जुळली, नऊ मार्च.
माझ्याकडं आकाश निरभ्र,
त्यांच्याकडं तुकडा विटकरी.
"त्या दिवशी होय," ते हसले,
"शेजारचं गोडाऊन पाडलं बे पोरांनी."

मग हसू आवरून विचारलं,
"तुम्ही वरनं सगळं बघता तर सांगा,
ह्याचं बिल कुणाच्या नावानं फाडू?"

मी आजचा तुकडा मागितला.
कात्री त्यांनी कापडाला लावली,
आणि थांबले.
वर बघितलं, मग टॉवेलकडं.
"उद्या या," म्हणाले.
"रात्रीत अजून बसंल."