खालची काच

सातपूरला काठेकाकांच्या शेडमध्ये
रविवारी लेथ बंद.
मग पिंपावर काच चढते.
पिंप ऑइलचं, पोटात वाळू भरलेली,
हलायला नको म्हणून.
एक काच खाली, एक वर,
मधे ऐंशी नंबरची काळी पूड
आणि चमचाभर पाणी.
ढकल, ओढ, थोडी फिरव,
स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरक.
पुन्हा.

मी अकरावीत. शिकवणारी म्हणून फळ्यावर नाव माझं,
खरं तर मी यांच्यापेक्षा
एका आरशाने पुढे होते, एवढंच.
हाताखाली आठवीतले तिघं:
जुई गांगुर्डे, तन्वीर,
आणि धनेश, जो वर्गात कधी हात वर करत नाही
आणि इथे हात थांबवत नाही.

त्याने विचारलं, काचेवर काच घासली
तर झिजतं कोण?
म्हटलं, दोन्ही.
वरची मधे खोल होत जाते,
खालची कडांना उतरते.
जेवढा हिला खड्डा, तेवढा तिला उंचवटा.
पुस्तकात आहे का हे?
माहीत नाही रे. माझ्या तळहाताला आहे.

काच शालिमारच्या दुकानातली,
कुठल्याशा बँकेच्या काउंटरची, फुकट.
डांबर पाथर्डी फाट्यावरून, ठेकेदाराला विचारून.
मेण पेठच्या यशोदा भोयेंनी दिलं,
मधाच्या बाटल्यांसोबत, पिशवीत गुंडाळून.
म्हणाल्या, आमच्या पाड्यावर चंद्र असाही मोठाच असतो,
तुम्ही शहरातले, तुम्हाला लागेल.
खड्डा किती झाला ते मोजायला
काकांनी एक पॉइंट दोनची ड्रिल दिली.
पट्टीखालून ती अडकत अडकत गेली
तेव्हा तन्वीर इतका ओरडला
की शेजारच्या शेडमधला वेल्डर
चष्मा वर करून बघायला आला.

चारशेच्या पुडीवर होतो, तेव्हा ओरखडा आला.
लांब, तिरका, केसाएवढा.
मी म्हटलं, पाण्यात काहीतरी असेल.
महापालिकेच्या नळावर ढकललं
आणि घरी जाऊन ओढणी झटकली.
ऐंशीचा एक कण
अख्खा महिना माझ्या काठात बसून होता.

पुढच्या रविवारी सांगून टाकलं. मान खाली घालून.
तिघं गप्प.
मग जुईने बादली विसळायला घेतली.
म्हणाली, ताई, एकशेवीसवर परत जाऊ.
आणि ओढणी बाहेर खुंटीला लाव.
तीन रविवार गेले त्यात.
कोण कुणाला शिकवत होतं
ते त्या तीन रविवारी
फळ्यावर कुणी लिहिलं नाही.

जानेवारीत गच्चीवर नेली दुर्बीण.
नळी प्लंबरची, पाय सुताराचे,
अंबडकडचं आकाश दिव्यांनी पिवळं.
पहिला मान वॉचमन सोनकांबळेंचा,
कारण गच्चीची किल्ली त्यांची.
ते काहीच बोलले नाहीत, फक्त
काठी भिंतीला टेकवून ठेवली
आणि पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.
जुईची आई पॅकिंगची शिफ्ट संपवून आली होती,
डोक्यावर अजून कंपनीची जाळी.
एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली,
मग म्हणाली,
अगं, हा तर नुकता टाकवून आणलेला पाटा!
विवर हा शब्द मी सांगणार होते.
सांगितला नाही.

परवा धनेश दारात.
ताई, खालची काच कुठंय?
तिच्यातून कुणी तारे बघत नाही,
आई लोणच्याच्या बरणीवर ठेवते तिला,
फुगीर बाजू आत.
कशाला हवी?
सहावीतल्या दोघी आल्यात, म्हणाला.
आणि शर्टाच्या टोकाने
तेल पुसत राहिला, कडेपासून मधे,
मी शिकवलं नव्हतं तसं.