मठार

रात्रीचे पावणेअकरा. पाषाणची लॅब,
एसीचा खर्ज, अंधारी खोली आणि मी.
पडद्यावर एक पेशी, तिच्यात केंद्रक,
केंद्रकात दोन-तीन हिरवे ठिपके: न्यूक्लिओलस.
भिंत नाही त्याला, दार नाही.
आमटीवर तेलाचा थेंब राहतो
तसा नुसता स्वतःला धरून राहिलेला.

तांबट आळीही अशीच होती.
कुठे सुरू होते कुणाला सांगता यायचं नाही.
आवाज लागला की समजायचं, आलो.

हिरवा रंग मी लावलाय फायब्रिलारिनला.
"काय करतं गं ते?" बाबांनी विचारलं होतं दिवाळीत.
सांगितलं:
आरएनएचा लांबच लांब धागा निघतो, कच्चा.
त्याच्यावर शंभरेक ठिकाणी हे मारत जातं
एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढासाच ठोका.
कुठे मारायचा ते विचारतं
बरोबरच्या चिमुकल्या आरएनएला.
मग धागा तुटतो, दुमडतो, प्रथिनं बिलगतात,
मोठा भाग वेगळा, लहान वेगळा,
केंद्रकाच्या भोकांतून बाहेर पडून
दोघं बाहेरच जुळतात. त्याला म्हणायचं रायबोसोम.
तुमच्या-माझ्या अंगातलं प्रत्येक प्रथिन तो विणतो.

बाबांनी डाव्या कानाने ऐकलं. उजवा
तांब्याने केव्हाच घेतलाय.
म्हणाले, "मठार आहे मग ते."
आणि खरवईवर हात फिरवत,
"ठोके पडले नाहीत तर पत्रा मऊ राहतो.
हंडा दिसतो हंड्यासारखा.
भरला की पोट पडतं."

पाच वर्षं पेपर वाचतेय मी.
हा शब्द कुणी वापरला नव्हता.

"आणि तुझं ते जातं का भांड्याबरोबर?"
नाही जात.
ते नाही, त्याच्याबरोबरची दोनशे प्रथिनंही नाहीत.
रायबोसोम निघतो, ही मागे राहतात, पुढचा धागा घेतात.
ठोके तेवढे जातात.
बाबा हसले. भांड्यावर नाव घालणारा
आळीच्या तोंडाशी बसायचा, वेगळा माणूस,
तो नवरीचं नाव घालायचा. नाहीतर तिच्या मामाचं.

आज औषध दिलंय पेशींना, अगदी थेंबभर.
धागा निघणं बंद.
मला वाटलं होतं हिरवं सगळं विरून जाईल,
ज्याच्यासाठी जमले होते तेच थांबलं तर
कशाला कोण थांबतंय?
विरलं नाही.
सरकत सरकत कडेला गेलं
आणि ठिपक्याच्या माथ्यावर टोपी होऊन बसलं.

तिसरीत होते मी. स्टीलच्या दुकानांनी
आमच्या ऑर्डरी खाल्ल्या ते वर्ष.
निजामपूरकर काका, वडके, लोंबर,
काम नसताना नऊला यायचे,
ओट्याच्या कडेला ओळीने बसायचे,
हातोडा मांडीवर. बोलायचे नाहीत फारसे.
जेवायची सुट्टीही घ्यायचे, एक ते दोन.

मॅडम म्हणतात, उपमा ओढू नकोस, अंतर मोज.
मोजलं. चाळीस केंद्रकं, छत्तिसांत टोप्या.
मला ठाऊक आहे प्रथिन वाट बघत नाही.
भार असतो, चिकटपणा असतो, तापमान असतं.
निजामपूरकर काकांनाही घरी सून बोलायची,
म्हणून यायचे, असं आई सांगते.
तेही एक तापमानच.

औषध धुऊन टाकलंय. नवं माध्यम घातलंय, लालसर, कोमट.
पेशी सावरतील की नाही, सांगता येत नाही.
पहाटे पाचला पुन्हा बघायचं.
तोवर खुर्ची, बिस्किटं, बाहेर टेकडीवरून टिटवी.

बाबांना विचारायचं होतं,
ऑर्डर परत आली त्या सकाळी
पहिला ठोका कुणी मारला?
पण फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही.