शमू नावाचं कोणी नाही

रात्री तीनला फोन थरथरतो. ग्रिम्सबीच्या गोदीतलं शीतगृह,
खोली नंबर चार, उणे चोवीसचं उणे एकोणीस झालंय,
आणि आत सत्तर टन हॅडॉक.
मी क्लीथॉर्प्सला, फिश-अँड-चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत,
अंगावर रजई, मांडीवर लॅपटॉप,
भिंतींना कालच्या तेलाचा वास.

झोपेत नुसता पत्ता टाकते. नाव राहतं.
नाव नाही दिलं, की हा गडी
हाक ज्या घरातून आली तिथलंच नाव उचलतो.
या लॅपटॉपवर मी शमू.
नवा आणला त्या दिवशी भावाने गंमत म्हणून ठेवलेलं.
तर तिकडे, गोठलेल्या माशांच्या शेजारी,
शमूचा पासवर्ड विचारला जातो.

शमू नावाचं तिथे कोणी नाही.
कधी नव्हतंच.
तरी विचारतो.

आमच्याकडे दार वाजलं की आतून 'कोण?'
बाहेरून 'मी.'
तेवढ्यावर कडी निघायची.

कामावरचं माझं नाव आठ रोमन अक्षरांत कोंबलेलं:
शर्मिष्ठातलं 'शर्मिश' आत आलं, 'ठा' उंबऱ्याबाहेर.
'जुन्या मशीनचा नियम, पोरी,' क्लाइव्ह ऑल्ड्रिज म्हणाला होता,
'माझं तर पाचातच संपतं.'
'ठा' नसेल तर ठावठिकाणा कसा लिहायचा,
हे त्याला इंग्रजीत सांगता आलं नाही.

त्यालाच विचारलं होतं, नसलेल्या माणसाला पासवर्ड कशाला मागायचा?
त्याने चहाचा मग कीबोर्डपासून लांब सरकवला.
'आत कोण राहतं हे दारातच सांगितलं,
तर चोराचं निम्मं काम आपणच केलं.
म्हणून सगळ्यांना विचारायचं. असलेल्यांना, नसलेल्यांना.
आणि नाही म्हणायलाही
दोघांना सारखाच वेळ लावायचा.'

उणे अठरा.
मागची ओळ हवी म्हणून वरचा बाण दाबते. जरा जास्तच दाबते.
फार मागची ओळ येते, गेल्या हिवाळ्यातली,
तो शेजारी बसून काम शिकवत होता तेव्हाची,
आणि बोट एंटरवर पडून गेलेलं असतं.

क्लाइव्हचा पासवर्ड?

त्याचं खातं मार्चमध्ये मीच काढलं.
एक ओळ लागली. दफनाला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी.
याला ते ठाऊक आहे. तरी अडखळत नाही,
तो आत्ताच सिगरेट ओढायला बाहेर गेलाय
अशा आवाजात विचारतो.
मी टाइप करते. दिसत काही नाही,
एक तारासुद्धा नाही, कर्सर जागचा हलत नाही,
अंधारात कुणाच्या तळहातावर बोटाने लिहावं तसं.
काय लिहिलं ते सांगणार नाही.

परवानगी नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.

कृपया म्हणतो मेला.
अजून दोन संधी असतात. त्या तशाच सोडते,
आपलं आठ अक्षरी नाव धड लिहिते, आत जाते,
चारचा बंद पडलेला कॉम्प्रेसर उठवते.
उणे एकोणीस. उणे वीस.

मग सवयीने नोंदवही उघडते.
दारात जे बोलला नाही ते इथे सरळ लिहिलेलं आहे:
तीन वाजून सात, शमू, असा वापरकर्ता नाही.
तीन वाजून अकरा, क्लाइव्ह, असा वापरकर्ता नाही.
दोघंही एकाच पत्त्यावरून आलेले.

पुसता आलं असतं. माझ्याकडे तेवढे अधिकार आहेत.
खाली दुकानाच्या पत्र्यावर सीगल नखं वाजवत फिरतोय.
उणे एकवीस.