जा

मिस्सा संपली की फादर म्हणतात, "शांतीने जा."
आम्ही म्हणतो, "देवाला धन्यवाद,"
आणि कुठेच जात नाही.
आवारात बोंबलाचा भाव, कुणाच्या पोरीचं लग्न.
मग मी देवळाचं दार ओढतो,
कुलूप घालतो, दोनदा हिसकून बघतो,
जसा काही देव पळून जाणार आहे.

गेल्या रविवारी इनासबाय तेवढी गेली.
घरी पेजेचा टोप उचलला नि थेट कोर्लईच्या जेटीवर.
तिथं जाळ्यांच्या ढिगावर
नेपाळचा एक खलाशी चार दिवस तापात पडलेला.
तांडेल म्हणाला, "आमच्यात कुणाचा नाही तो."
तिनं क्रूस दाखवला नाही.
नाव विचारलं.
"मनबहादूर."
"माझ्या रुझारएवढाच रे तू," म्हणाली,
आणि चमचा पुढे केला.

मी मागनं गेलो होतो.
खरं सांगायचं तर, नुसता बघायला.
रिकामा टोप मात्र मीच आणला परत.

आज घंटेचा दोर ओढला
तर आवाज भिंतीशी थांबेना,
खाडी ओलांडून पार रेवदंड्याला गेला.
तीस वर्षं मीच वाजवतोय ही घंटा.