दशा

या गोधडीची शिवण आत लपवायची नसते.
उलट बाजूला उलट बाजू लावायची,
अर्धा इंच बाहेर सोडायचा
आणि मग बसायचं कातरत
पाव पाव इंचावर,
टाक्यापर्यंत जायचं, टाका तोडायचा नाही.

ओबेलीनच्या बोटांना आता साधी कात्री पेलत नाही.
स्प्रिंगवाली घेतलीय, गुलाब छाटायची.
उत्तर मेनमध्ये मार्चात गुलाब कुठले?
खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ,
कागद-कारखान्याचं धुराडं कधीचं थंड.

टेबलावर आल्फेचे सहा शर्ट.
कॉलरी उसवल्या, बटणं बरणीत गेली,
एका खिशात दात कोरायची काडी निघाली,
तीही बरणीत.
फ्लॅनेल कोपरांशी विरलंय, पाठीत अजून दणकट.
पाठीतून चौकोन चांगले निघतात.

हिरव्या-काळ्या चौकड्यांचा तिने दोनदा बाजूला ठेवला.
तो संपातला.
सोळा महिने गेटवर आल्फे त्यातच उभा होता,
पिंपात फळकुटं जाळत,
आणि शेजारचा फर्नां रोज सकाळी
मान खाली घालून आत जायचा, कामाला.
पुढची एकवीस वर्षं
दोन घरांत कुंपण एक,
शब्द एकही नाही.
आल्फेला पुरलं त्या दिवशी फर्नां
रस्त्यापलीकडे टोपी काढून उभा होता. बास, तेवढंच.

आता फर्नांच्या नातीला मुलगी झालीय.

तिसऱ्यांदा तिने तो शर्ट उचलला
आणि कात्री चालवली.
लावला मधोमध.

धुवायला गावातल्या लॉन्ड्रोमॅटमध्ये नेली,
घरचं मशीन तुंबतं एवढ्या सुताने.
तीनदा धुतली, तीनदा जाळीतून
राखी लोळा निघाला, मांजराच्या पिल्लाएवढा.
शिवणी फुलून आल्या,
सगळ्यांना दिसतील अशा.

दार फर्नांनेच उघडलं. खांद्यावर बाळ.
मोकळ्या हाताने त्याने गोधडी उलगडली,
अंगठा मधल्या चौकोनावर आला
आणि तिथेच राहिला.
ओबेलीन बुटांवरचा बर्फ झटकत राहिली,
नव्हता तरी.

"गरम पाण्यात धुतली तर चालेल?"
"चालेल की. धुवाल तितक्या दशा सुटतील,
तितकी मऊ होईल."

तेवढ्यात पोरीने दूध ओकलं,
नेमकं हिरव्या-काळ्यावर.
"घ्या," ओबेलीन म्हणाली,
"आजपासूनच लागा धुवायला."