चुनीत डाळ

पट्टी हिरवी झाली
तेव्हा टेबलामागची पोरगी काही बोलली नाही.
वहीत लिहिलं: सुपडू देवचंद सपकाळे, वय बावन्न,
आणि पुढे दोन अधिक.
मी विचारलं, अधिक म्हणजे चांगलंच ना?

बाटलीत पिवळंच होतं,
वर फेस,
चरवीत धार काढताना येतो तसला, बसता बसत नाही.
आठ महिने तो मी संडासात बघत होतो
आणि म्हणत होतो, साबण असेल.

डॉक्टरांनी कागदावर किडनी काढली.
म्हणाले, चाळणी समजा.
मला हसू आलं.
एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये
सव्वीस वर्षं चाळण्याच तर राखतोय.
वर डाळ, खाली चुनी,
चुनीत माझा हात.
मूठ भरायची, उजेडात पसरायची,
अख्खी डाळ दिसली
की जाळी कुठेतरी उसवली.
मशीन चालूच असतं, तोच आवाज,
पोतीही तेवढीच भरतात,
जवळजवळ तेवढीच.

"रक्त अजून ठीक आहे," डॉक्टर म्हणाले.
पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.
"प्रोटीन जातंय तर डाळ जास्त खाऊ?"
"फाटक्या जाळीवर जास्त माल टाकता का?"

गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणायचो त्या गोळ्यांचं पाकीट
त्यांनी टेबलावर उताणं ठेवलं.
साखर कधी मोजली? बीपी?
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.
"एका पट्टीवर जाऊ नका,
तापात येतं, अतिश्रमानं येतं.
परवा सकाळची पहिली आणा."

बायको पारोळ्याची.
"काय सांगं डाक्टरनी?"
"चुनीमा दाय जाई ऱ्हायनी."
तिचे पिठातले हात थांबले.
मग माझ्या घोट्यावर तिनं अंगठा दाबला.
खळगा पडला.
पिठाचा पांढरा ठसा त्यात
बराच वेळ तसाच.

माझ्या आधीची दोन गेली
म्हणून जन्मल्या जन्मल्या आईनं मला सुपात ठेवलं,
फोल उडावं, दाणा राहावा.
नाव तेव्हापासूनचं.

आज आसोद्याहून पहाटे सायकल काढली.
डब्याच्या पिशवीत नको म्हणून
बाटली शर्टाच्या खिशात,
कोमट,
दर खड्ड्याला छातीवर आपटणारी.
लॅब उघडायची होती.
पायरीवर बसून
सवयीनं
उजेडात धरली.