उष्टी पुस्तकं

हिउमा बेटावरच्या या वाचनालयात
सत्तावीस वर्षं मी परत आलेली पुस्तकं झटकते.
पडेल ते बुटांच्या खोक्यात ठेवते:
फेरीबोटीची तिकिटं, लोकरीचा धागा,
डॉक्टरची चिठ्ठी, माशाचं वाळलेलं खवलं.
कोण कुठे थांबलं, मला पाठ आहे.

होड्या दुरुस्त करणारा कल्यो
पहिल्या मरणापर्यंत वाचतो.
कुणी गेलं की मिटतो पुस्तक, म्हणतो,
"आता उरलेले नुसते जेवणार आणि आठवणी काढणार."
शिवणकाम करणारी विर्वे शेवटचं पान आधी बघते,
कापड उलटं करून बघावं तसं;
टाके नीट असले तरच घरी नेते.
शाळकरी ओट्ट सगळं पुरं करतो, सूचीसकट,
आणि कसं होतं विचारलं की खांदे उडवतो.

माझी आई ताटात काही टाकू द्यायची नाही.
राईच्या भाकरीची करपलेली कड, माशाचं डोकं,
आणि पुस्तकंही तशीच.
चाळिशी उलटेपर्यंत मी
कंटाळ्याचेसुद्धा काटे चोखून खाल्ले.
मग एका फेब्रुवारीत,
समुद्र गोठून त्याचा रस्ता झाला होता तेव्हा,
एक जाडजूड कादंबरी मी तीनशे चौथ्या पानावर मिटली
आणि काहीच झालं नाही.
चुलीवरची किटली तशीच कुरकुरत राहिली.

तेव्हापासून नियम एकच:
भांडी घासताना पुस्तकातल्या कुणाची काळजी वाटली
तर हात पुसून परत जायचं.
नाही वाटली, तर घासत राहायची भांडी.
नियम मी पाळतेच असं नाही.
कधी कधी एखादं नुसत्या वासासाठी संपवते.

लेइदाचं वेगळं.
तिचा नवरा एल्मार गेला तेव्हा
उशाशी वाचनालयाचं एक पुस्तक होतं,
नांगर घडवणाऱ्या तीन पिढ्यांची गोष्ट,
दोनशे बाराव्या पानात काडेपेटीचं झाकण.
चार वर्षं ती दर महिन्याला यायची,
पिशवीतून ते काढायची, मी नवी तारीख मारायची,
ती न उघडता परत न्यायची.
झाकण हलू नये म्हणून
आडवाउभा दोरा बांधलेला, लोण्याच्या पुडक्यासारखा.

मला ठाऊक होतं,
एल्मारच्या कार्डावर त्यानंतरची दोन पुस्तकं आहेत.
दोन्ही वाचून, वेळेत, परत केलेली.
म्हणजे मरण आडवं आलं नव्हतं.
त्यानेच ते मार्चमध्ये बाजूला सारलं होतं.
चार वर्षं हे जिभेच्या टोकावर घेऊन
मी शिक्के मारत राहिले.

परवा ती आली. दोरा नव्हता.
"वाचलं," म्हणाली, आणि कोट न काढताच बसली.
दोनशे तेराव्या पानाच्या तळाशी
पेन्सिलीने, त्याच्या तिरक्या अक्षरात:
पुरे, बाबा.

"हे बघून मी ओट्यावर डोकं टेकून हसले.
चार वर्षं मी काय जपत होते?"
"मग मिटलंस?"
"छे. पुढची तीनशे पानं वाचली.
सोळा पानं नुसता भट्टीचा भाता!
पण त्याचं काय राहून गेलं
ते कुणीतरी बघायला नको?"
ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
"काही नाही राहिलं त्याचं," म्हणाली.

मी कार्ड तिच्यापुढे सरकवलं.
तिने बोटाने शेवटच्या ओळी वाचल्या,
दोन्ही तारखांवरून एकदा बोट फिरवलं,
आणि म्हणाली, "यातलं बारीक आहे ते दे."

नांगरांच्या पुस्तकावर मी 'परत' मारलं.
झटकलं. झाकण टेबलावर पडलं.
मी खोक्याकडे हात नेला तर ती म्हणाली,
"थांब, ते लागेल."